हजार हातांची एक बांधणी

कोणताही प्रोग्रॅम दोन रूपांत नांदतो. एक रूप माणसाने वाचायचे, दुसरे यंत्राने. माणसाच्या रूपात शब्द असतात, चिन्हे असतात, मध्येच लिहिणाऱ्याने स्वतःसाठी टाकलेल्या टिपा असतात. त्याला आपण मूळ लिखाण म्हणू. यंत्राच्या रूपात शून्य आणि एक यांच्या रांगांखेरीज काही नसते. पहिल्याचे दुसरे करणे, या क्रियेला संगणकाच्या धंद्यात 'बिल्ड' म्हणतात. आपण तिला बांधणी म्हणू या.

ज्याने जुना छापखाना पाहिला आहे त्याला ही गोष्ट लवकर उमजेल. लेखकाचे हस्तलिखित येते, जुळारी खिळे जुळवतो, मुद्रिते तपासली जातात, फर्मे छापून होतात आणि शेवटी शिवण होऊन पुस्तक हाती येते. जुळाऱ्याने एखादी ओळ गाळली, तर हस्तलिखित आणि पुस्तक शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ती सापडते. प्रोग्रॅमची पंचाईत अशी, की छापून आलेली प्रत माणसाला जवळजवळ वाचताच येत नाही. हस्तलिखित कितीही सरळ असो, मधल्या छापखान्यात काय झाले हे बाहेरच्याला कळायचे कसे?

मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी आपले मूळ लिखाण जगापुढे उघडे ठेवतात. कोणीही वाचावे, सुधारावे, इतरांना द्यावे. "आमच्याकडे झाकून ठेवण्यासारखं काही नाही, या आणि पाहा," असा त्यांचा दावा. दावा खरा आहे, पण अर्धा. कारण आपण वाचतो ते एक, आणि यंत्रावर चालवतो ते दुसरे. मध्ये पूल आहे तो बांधणीचा. हा पूल सर्वांसाठी एकच असला, आणि ज्याला शंका येईल त्याला त्यावरून स्वतः चालून पाहता आले, तरच त्या उघडेपणाला अर्थ. हे लिहायला सोपे आहे. हजार माणसे, कित्येक देश आणि कोणाचा कोणावर हुकूम नाही, अशा ठिकाणी ते साधायचे कसे, याचे उदाहरण म्हणून आज 'डेबियन' या प्रकल्पाची हकीगत पाहू.

डेबियन ही संगणकावर बसवायची एक संपूर्ण प्रणाली आहे. तिच्या गाभ्याशी लिनक्स, आणि भोवती हजारो प्रोग्रॅम. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या तरुणाने १९९३ साली ती सुरू केली; डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे नाव आणि स्वतःचे नाव जोडून तिचे बारसे केले. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची तेरावी आवृत्ती निघाली, तीत सत्तर हजारांच्या जवळपास पॅकेजे होती. पॅकेज म्हणजे बांधून, बसवायला तयार असा एक गठ्ठा. उबुंटू नावाची प्रणाली पुष्कळांच्या परिचयाची असेल, ती डेबियनच्याच पायावर उभी आहे. आणि एवढा सगळा पसारा सांभाळतात ते सुमारे एक हजार अधिकृत स्वयंसेवक व त्यांचे मदतनीस. प्रकल्पाला मालक नाही आणि तो कोणाला पगार देत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात त्यांची वार्षिक परिषद आपल्या कोचीला भरली होती. प्रणाली बसवताना पडद्यावर जी भाषांची यादी येते तीत मराठीही आहे.

आता बांधणीकडे वळू. एखादा प्रोग्रॅम शेकडो तुकड्यांत लिहिलेला असतो. एक तुकडा बदलला तर त्याच्यावर जे जे अवलंबून असेल ते पुन्हा बांधावे लागते. पूर्वी हे माणूस लक्षात ठेवून करी, आणि माणूस विसरे. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ अशीच फुकट गेली. चूक त्याने दुरुस्त केली होती, पण दुरुस्त तुकडा नव्याने बांधलाच गेला नव्हता, आणि तो बापडा बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसला होता. त्यावरून स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचे साधन लिहिले. कोणता तुकडा कशावर अवलंबून आहे आणि तो कोणत्या आज्ञेने बांधायचा, हे एका फाईलमध्ये लिहून ठेवायचे. मग 'मेक' तारखा पाहते आणि जेवढे शिळे झाले असेल तेवढेच पुन्हा बांधते.

या 'मेक'ची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिच्या फाईलमध्ये आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबने व्हावी लागते. नुसती मोकळी जागा सोडली तर चालत नाही, आणि डोळ्यांना तर दोन्ही सारखीच दिसतात! नवशिक्यांच्या किती पिढ्या यात ठेचकाळल्या असतील, याची गणती नाही. हा नियम बरा नव्हे हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले होते. पण तोवर दहा-बारा जण ते साधन वापरू लागले होते, बहुतेक स्नेहीच. त्यांच्या फाईली कशाला मोडा, म्हणून नियम तसाच राहिला. डझनभर मित्रांचा संकोच आणि पन्नास वर्षांचा जाच! बांधणीच्या रीतीत एकदा पडलेली चाल मोडणे किती कठीण, हे एवढ्यावरून समजावे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

डेबियनमधल्या प्रत्येक पॅकेजाबरोबर 'रूल्स' नावाची एक फाईल असते, ती 'मेक'च्याच भाषेत लिहिलेली. हा गठ्ठा कसा बांधायचा याची ती कृती. सुरुवातीच्या काळात जो तो आपापल्या हाताने ही कृती लिही, आणि मग आपल्याकडे घराघराचा गोडा मसाला जसा वेगळा, तसे झाले. एक जण फाईलींचे अधिकार आधी ठरवी, दुसरा शेवटी. तिसरा ते विसरूनच जाई. १९९७ साली जोई हेस यांनी 'डेबहेल्पर' नावाच्या लहान लहान आज्ञांचा एक संच लिहिला. एकीने माहितीपत्रके जागेवर ठेवायची, दुसरीने ती आवळून लहान करायची, तिसरीने अधिकार ठीक करायचे, असे एकेक काम एकेकीकडे. २००८ मध्ये या सर्व आज्ञा योग्य क्रमाने चालवणारी एकच आज्ञा आली, तिचे नाव नुसते 'डीएच'. आता साध्या पॅकेजाची कृती तीन ओळींत संपते. मूळ प्रोग्रॅम कोणत्या रीतीने बांधला जातो हे ती स्वतःच ओळखते. केडीईचे लोक सीमेक वापरतात, ग्नोमचे मेसन, जुनी मंडळी ऑटोकॉन्फ. त्यांना कोणी "तुमचं मोडा आणि आमचं घ्या" असे सांगत नाही. वेगळे जे असेल तेवढे तीन ओळींच्या खाली लिहायचे. माझ्या मते सारी खुबी इथे आहे. वाचणाऱ्याला नेहमीचे वाचावेच लागत नाही, नजर थेट वेगळेपणावर पडते.

या एकसारखेपणाचा उपयोग केवळ टापटिपीपुरता नाही. समजा, चोरांना प्रोग्रॅम फोडणे अवघड जावे म्हणून सगळ्या बांधणीत एक जादा कडी घालायची आहे. जिथे प्रत्येकाची रीत निराळी, तिथे हजारो पत्रे लिहा, आणि उत्तरांची वाट पाहा. जिथे रीत एक, तिथे साधनात बदल करा; पुढच्या बांधणीत ती कडी आपोआप बसते. आणखी एक गोष्ट. स्वयंसेवक आज असतो, उद्या नसतो. नोकरी बदलते, मूल होते, आजारपण येते. त्याच्या पॅकेजाची कृती दुसऱ्याला पाच मिनिटांत समजली नाही, तर ते पॅकेज पोरके होते.

इतके असूनही 'डीएच' वापरण्याची सक्ती नव्हती. २०१९ साली तेव्हाचे प्रकल्पप्रमुख सॅम हार्टमन यांनी या प्रश्नावर सर्वांची चर्चा घडवून आणली, तेव्हा कुठे एवढे ठरले, की साधारणपणे हीच रीत वापरावी, न वापरण्यास काही कारण असावे. पगार देणारा मालक असता तर आठवड्यात फतवा निघाला असता. पण ज्याचे काम पटले नाही तो उठून जाऊ शकतो, अशा मंडळीत फतव्याने काही होत नाही. सोय दाखवावी लागते, आणि थांबावे लागते.

आता त्या टॅबची आठवण करा. सर्वांनी एकच साधन वापरले, की ते साधन बदलणे जोखमीचे होते; एक बदल करा, हजारो ठिकाणी मोडतोड. डेबहेल्परने यावर काढलेली तोड साधी आहे. प्रत्येक पॅकेजाने एक आकडा जाहीर करायचा: मी दहाव्या पातळीच्या नियमांनी चालतो, मी तेराव्या. साधन नवे झाले तरी दहावाल्याला दहाचेच नियम लावते. नवे नियम हवे असतील त्याने सवडीने आकडा वाढवावा आणि आपले पॅकेज तपासून घ्यावे. फार जुने आकडे आधी सूचना देऊन पुढे बंद करतात. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात नवे पैसे आले, तेव्हा आणे काही त्याच सकाळी चलनातून उठले नाहीत. काही काळ दोन्ही नाणी एकाच गल्ल्यात पडत होती. तसेच हे.

कृती एक झाली; पण स्वयंपाकघर? पूर्वी स्वयंसेवक आपल्या घरच्या संगणकावर पॅकेज बांधून पाठवीत. आता घरच्या संगणकावर काय काय असेल, देव जाणे. म्हणून प्रकल्पाने स्वतःची बांधणीयंत्रे ठेवली आहेत: इंटेल जातीच्या संगणकांसाठी वेगळी, आर्म जातीसाठी वेगळी, आयबीएमच्या महायंत्रांसाठी वेगळी. तिथे दर वेळी कोऱ्या जागेत, कृतीत सांगितलेले साहित्य तेवढे मांडून बांधणी होते. जुलै २०१९ मध्ये असे जाहीर झाले, की यापुढच्या आवृत्तीत घरी बांधलेले गठ्ठे घेतले जाणार नाहीत, प्रकल्पाच्या यंत्रांवर बांधलेलेच घेतले जातील.

इथवर ठीक. पण यंत्र तरी विश्वासाचे कशावरून? सर्व जगाचा भरवसा थोड्याशा यंत्रांवर टाकला, की ती फोडण्यासाठी वाटेल तेवढा खर्च करणे चोराला परवडू लागते. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले होते, की बांधणाऱ्या साधनातच लबाडी पेरली तर मूळ लिखाण कितीही वाचले तरी ती सापडत नाही. यावर उपाय एकच दिसतो. तेच लिखाण घेऊन दुसऱ्या कोणी, दुसऱ्या जागी, आपल्या यंत्रावर बांधावे आणि दोन्ही गठ्ठे ताडून पाहावेत. अक्षर न् अक्षर जुळले तर मधे कोणी हात घातलेला नाही.

कल्पना सरळ, पण करून पाहिले तेव्हा गठ्ठे जुळेचनात! २०१३ साली स्वित्झर्लंडमधील वार्षिक परिषदेत हा विषय लुनार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यकर्त्याने मांडला. त्या सप्टेंबरात पाच हजारांवर पॅकेजे दोनदा बांधून पाहिली, तर जेमतेम चौथा हिस्सा जुळला. चोर कुठेच नव्हता. मग फरक कशाचा?

बहुतेक फरक घड्याळाचा. "मी अमुक दिवशी, अमुक वाजता बांधला गेलो," असे स्वतःच्या पोटात लिहून ठेवण्याची हौस पुष्कळ प्रोग्रॅमांना असते. दुसऱ्या दिवशी बांधला की मजकूर बदलला. त्यानंतर फाईलींचा क्रम. एका फोल्डरमधल्या फाईली संगणक कोणत्या क्रमाने हाती देईल याचा नेम नसतो. क्रम लावावा म्हटले तर तोही भाषेवर अवलंबून. आपल्याकडे 'क्ष' हा 'क'च्या पोटात घालायचा की वर्णमालेच्या शेवटी ठेवायचा, यावर कोशकारांची दोन मते आहेतच, तसेच इंग्रजीत मोठ्या आणि लहान लिपीतल्या अक्षरांचे. याशिवाय बांधणाऱ्याचे नाव, यंत्राचे नाव, कोणत्या फोल्डरमध्ये बांधले त्याचा पत्ता, हे सारे कुठे ना कुठे आत शिरून बसते.

घड्याळावरचा तोडगा मला फार आवडतो. प्रत्येक पॅकेजाबरोबर बदलांची एक नोंदवही असतेच. तिच्यातल्या शेवटच्या नोंदीची तारीख हीच बांधणीची तारीख धरायची, भिंतीवरचे घड्याळ काहीही दाखवो. ही तारीख साधनांना कळवण्याचा एक ठराविक संकेत २०१५ मध्ये ठरला, त्याला 'सोर्स डेट इपॉक' म्हणतात. पुढे जीसीसी या मुख्य कंपायलरनेही तो मानला. खरे तर बांधणी कधी झाली यात कोणाला रस आहे? लिखाण कधीचे, हे महत्त्वाचे.

तपासणीची पद्धतही पाहण्यासारखी आहे. यंत्र एकच पॅकेज दोनदा बांधते, आणि दुसऱ्या वेळी मुद्दाम सारे उलटेपालटे करते. घड्याळ वर्षाहून अधिक पुढे सरकवते, वेळेचा पट्टा पृथ्वीच्या पाठीवर पार दुसरीकडचा घेते, भाषा फ्रेंच करते, यंत्राचे नाव बदलते. फाईलींचा क्रम हेतुतः विसकटणारे एक खास साधनही त्यांनी लिहिले. कांदा सोलावा तसे दोन गठ्ठे एकेक थर उलगडून नेमका फरक दाखवणारे दुसरे एक आहे, 'डिफोस्कोप'. त्याने दाखवलेला फरक पाहायचा, कारण शोधायचे, आणि दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठवायची. ही हमाली दहा वर्षांवर चालली. आज जुळणाऱ्या पॅकेजांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे आहे. लुनार नोव्हेंबर २०२४ मध्ये वारले.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशासाठी? याचे उत्तर २०२४ च्या मार्चमध्ये मिळाले.

'एक्सझेड' नावाचे फाईली आवळण्याचे एक साधन आहे. जगातल्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर ते असते, आणि सांभाळणारा गृहस्थ मात्र एकटा, फावल्या वेळात काम करणारा. २०२१ पासून 'जिया टॅन' असे नाव सांगणारी एक व्यक्ती त्याला मदत करू लागली. चांगली मदत केली, विश्वास मिळवला. दरम्यान दुसऱ्या काही नावांनी त्या एकट्या माणसामागे टुमणे लावले, की काम रेंगाळते, दुसऱ्याला अधिकार द्या. अधिकार मिळाले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. त्या यंत्रात दुरून शिरण्याचा जो मार्ग असतो, नेमका तोच फोडणारा.

हा दरवाजा मूळ लिखाणात नव्हता, हे ध्यानात घ्या. विषारी भाग तपासणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम खराब म्हणवल्या जाणाऱ्या नमुना-फाईलींत दडवला होता. तो काढून प्रोग्रॅममध्ये मिसळण्याचे काम बांधणीच्या एका लिपीने करायचे. आणि ही लिपी सार्वजनिक भांडारात नव्हतीच, आवृत्ती म्हणून वाटलेल्या गठ्ठ्यात तेवढी होती. त्याहून चलाखी पुढेच. ती लिपी आधी पाही, की आपल्याला डेबियनच्या किंवा रेड हॅट पंथाच्या रीतीने बांधले जात आहे का. तसे असेल तरच कामाला लागायचे, नाही तर गप्प. म्हणजे ज्या एकसारख्या रीतीचे मी एवढे कौतुक केले, तिचीच खूण चोराने धरली होती. सर्वांची कुलपे एका बनावटीची असली की एकाच किल्लीचा सोस वाढतो; हे नाकारण्यात अर्थ नाही.

पकडला गेला तो योगायोगाने. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे काम करणारे अभियंते डेबियनच्या कच्च्या आवृत्तीवर काही मोजमापे घेत होते. दुरून प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे त्यांना दिसले. दुसरा कोणी असता तर सोडून देता. ते खोलात गेले आणि २९ मार्चला त्यांनी जगाला सावध केले. डेबियनची पक्की आवृत्ती वाचली, कारण विषारी गठ्ठा अजून तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

दोनदा बांधून ताडून पाहण्याने हा चोर सापडला असता का? नाही. विष साहित्यातच होते, तेव्हा दोन्ही स्वयंपाक सारखेच विषारी झाले असते आणि तंतोतंत जुळले असते. सापडला असता तो एक पायरी मागे: वाटलेला गठ्ठा सार्वजनिक भांडाराशी ताडला असता, तर. म्हणून आता पुष्कळ जण गठ्ठा सोडून थेट भांडारातूनच बांधावे या मताचे झाले आहेत. मला ते पटते. ज्या फाईलीचा इतिहास कोणी पाहू शकत नाही, ती बांधणीत येऊच देऊ नये.

२०२४ च्या अखेरीपासून डेबियनमध्ये आणखी एक काम चालू झाले आहे. पूर्वीची तपासणी स्वतःच दोनदा बांधून स्वतःशीच ताडत असे. आता लोकांना प्रत्यक्ष वाटलेला गठ्ठा घेतात, आणि तो बांधताना कोणते साहित्य, कोणत्या आवृत्तीचे वापरले याचा जो दाखला प्रत्येक बांधणीबरोबर लिहिला जातो, त्याबरहुकूम तो पुन्हा बांधून पाहतात. त्यासाठी जुने साहित्य जपून ठेवावे लागते. २००५ पासूनची पॅकेजे त्यांच्या संग्रहात आहेत. हे काम डेबियनच्याच यंत्रांनी केले पाहिजे असे नाही. पुणे-नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयातही एक बरा संगणक आणि थोडी चिकाटी एवढ्यावर ते करता येईल.

जी पॅकेजे अजून जुळत नाहीत त्यांतली काही चिवट आहेत. कोणी बांधताना यादृच्छिक आकडा घेते, कोणी समोरच्या यंत्राची ताकद मोजून त्याप्रमाणे स्वतःला बदलते, कोणाची जुळणी एकाच वेळी चालणाऱ्या कामांत आधी कोण संपले यावर ठरते. त्यांची यादी सर्वांसाठी उघडी असते. ज्याला सवड आहे तो तिच्यातले एखादे उचलतो आणि फरक कुठे पडला ते पाहू लागतो.